तंगुसाचे परीक्षण

३४ वर्षे मी गेवराईत मराठी शिकवले. एवढ्या काळात मुलांच्या निबंधांपासून संमेलनाध्यक्षांच्या भाषणांपर्यंत कशावरही तांबडी शाई चालवायला मी कचरलो नाही. तेव्हा दिवाळीला अमेरिकेहून आलेल्या चिरंजीवांनी मासे धरायचे एक रीळ आणि दोरीच्या तीन गुंडाळ्या माझ्यापुढे ठेवल्या आणि "बाबा, यातली चांगली कोणती ते तुम्हीच ठरवा," असे म्हटले, तेव्हा माझ्यातला परीक्षक खडबडून जागा झाला. मासा मी जन्मात धरला नव्हता. पण एक ओळ न लिहिता कवितेवर लिहिणारे आपल्याकडे थोडे का आहेत?

हा उद्योग नातवासाठी होता. वय वर्षे दहा. फोनवर आमचे बोलणे "कसा आहेस?" "बरा" एवढ्यावर आटपायचे. एकदा सहज "ये, तुला गोदावरीत मासा धरून दाखवतो" असे बोलून बसलो आणि त्यानंतर फोन वीस-वीस मिनिटे चालू लागले. आता तो आला होता आणि चारच दिवस राहणार होता. धरलेला मासा सोडून देण्याच्या अटीवर घरातून परवानगी मिळाली. कल्याणीच्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात 'मानसोल्लासा'त मत्स्यविनोदावर अख्खे प्रकरण लिहिले आहे, असा दाखला मी दिला. "ते राजे होते. तुम्ही पेन्शनर आहात," असा अभिप्राय मिळाला.

या रिळाला बेटकास्टिंग रीळ म्हणतात. साध्या रिळात दोरी स्थिर फिरकीवरून सुटते. यात दोरीबरोबर ढोलच गरगर फिरतो. पुढे फेकलेले वजन हवेत मंदावले तरी ढोल आपल्या वेगात फिरतच राहतो, आणि बाहेर जायला जागा न उरलेली दोरी आतल्या आत उसळते. मुद्दे संपले तरी वक्ता थांबत नाही, तसे. त्याला आवरायला अंगठा ढोलावर हलकेच टेकवून ठेवायचा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीतल्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने अशी रिळे बनवली. घड्याळजीच्या कारागिरीला मास्तराचा अंगठा भेटला की काय होते, ते पुढे येईलच.

पहिली दोरी वेणीची, म्हणजे अनेक अतिबारीक धागे गुंफून केलेली. ताकद तीस पौंडांची, जाडी आठ पौंडांच्या नायलॉनइतकी. ओढली तर लांबत म्हणून नाही. मी तिला दहापैकी नऊ गुण दिले. दुसरी फ्लुरोकार्बनची. ती पाण्यात जवळजवळ दिसत नाही, म्हणून सात. (पावसाळ्यानंतरच्या आमच्या गढूळ गोदावरीत विहिरीचा नाडा सोडला तरी माशाला दिसणार नाही, हे गुण देताना ध्यानात आले नाही.) तिसरी नुसती नायलॉनची, आपले तंगूस. १९३५ साली ड्यूपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोथर्सने नायलॉन तयार केले तेव्हा त्याचे केवढे अप्रूप होते. आज ते आमच्या बाजारात सुतळीशेजारी टांगलेले असते. जे सहज मिळते ते सामान्य, या समीक्षेतल्या जुन्या नियमाने मी त्याला चार गुण देऊन पिशवीच्या तळाशी टाकले.

आम्ही राक्षसभुवनला गेलो, घाटापासून बरेच खाली. इथेच १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. मीही पवित्रा घेतला आणि वेणीची दोरी फेकली. वजन चार हातांवर पडले आणि ढोलावर सुगरणीचा खोपा तयार झाला. वेणीचा दोष असा, की ती बारीक असल्याने ओढाल तशी स्वतःच्याच वेटोळ्यांत रुतत जाते. आमच्या काही समीक्षकांच्या वाक्यांसारखी; एकदा रुतली की अर्थ लागत नाही. शेवटी चाकू चालवला. कापलेले तुकडे तेवढे खिशात भरले, कारण काठावर टाकले की बगळ्यांचे पाय अडकतात. दुसऱ्या दिवशी फ्लुरोकार्बन. ही ताठ स्वभावाची. अंगठा जरा ढिला पडला की ढोलावरून फुलून उठते. संध्याकाळी नातू म्हणाला, "आजोबा, उद्या घरीच थांबू या का?" त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी जाळे घेऊन चाललेले एक भोई गृहस्थ थांबले. "काय इणायलात, गुर्जी?" त्यांनी ढोलाकडे बघितले. "लई बारीक हाय. जाड तंगूस घ्या. गुततंय तर गुतू द्या, सुटतं तरी."

माझ्या सगळ्या परीक्षणात हा निकषच नव्हता! मी ताकद मोजत बसलो होतो. पण आमच्या इथल्या माशाने दोरी तोडण्याचा प्रसंग येण्याआधी ती पाण्यात तर पडायला हवी. नवशिक्याच्या हातून गुंता होणारच. बारा ते चौदा पौंडांचे नायलॉन जाडसर असते. त्याची वेटोळी नखाने उचलता येतात. त्यात खोटी नाहीत असे नाही. ते ताणले जाते, पाणी पिऊन थोडे दुबळे होते आणि ढोलावरची वळणे विसरत नाही. अंगठा तयार झाला की वेणीची दोरी खुशाल घ्यावी; तिचे नऊ गुण मी कापलेले नाहीत, राखून ठेवले आहेत.

मग आम्ही चौदा पौंडी तंगूस भरले, ढोलाच्या कडेखाली थोडी जागा सोडून. वजन आपसूक हळूहळू खाली उतरेल इतकी बाजूची कळ आवळली. गुंता झालाच. पण नातवाची बोटे बारीक. तो एकेक फेरा सोडवू लागला आणि सोडवता सोडवता बोलू लागला: शाळेतल्या एका मुलाशी भांडण झाले होते, ते त्याने आईबाबांना सांगितले नव्हते. मी मध्ये बोललो नाही. अर्ध्या तासात दोरी मोकळी झाली. त्यानंतर आणखी तीन वेळा गुंतली. खोटे कशाला सांगू, एकदा मी अंगठा मुद्दामच उचलला.

चौथ्या दिवशी त्याची दोरी वीस पावलांवर पडली, न गुंतता. मासा काही लागला नाही.

रीळ तो इथेच ठेवून गेला. परवा फोनवर म्हणाला, "उन्हाने तंगूस कमजोर होते, बदलून ठेवा. मी मेमध्ये येतो." मी म्हटले, "मेमध्ये इथे नदीत पाणी कुठले रे? दिवाळीलाच ये. पण चार दिवसांत जमायचे नाही म्हणून सांग बाबांना."