विवाद, अनुवाद आणि धाराशिवची लेणी

समाजात एखादा वाद पेटला की दोन प्रकारची माणसे हटकून पुढे येतात. एक वादात उडी घेणारी. दुसरी, 'भगवंतांनी वाद निषिद्ध मानला आहे' असे सांगून कडेला उभी राहणारी. आमच्या मते या दोघांनाही बुद्धवचनाचा आधार नाही. तथागतांना वाद नुसता टाळायचा असता, तर तो मिटवावा कसा याच्या विवेचनासाठी विनयपिटकातील चुल्लवग्गात 'समथक्खंधक' हे सबंध प्रकरण खर्ची पडले नसते. वाद होणारच, हे संघाने गृहीत धरले होते. तो कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे मात्र अगत्याचे मानले होते.

विनयात वादाची चार अधिकरणे सांगितली आहेत. त्यांपैकी पहिली दोन आजच्या सार्वजनिक वादांवर विलक्षण प्रकाश टाकतात. पहिले विवादाधिकरण. अमुक हा धम्म की अधम्म, अमुक तथागतांनी सांगितले की नाही, असा मतभेद म्हणजे विवाद. दुसरे अनुवादाधिकरण. मराठीत अनुवाद म्हणजे भाषांतर. पालीत मात्र त्याचा अर्थ ठपका, दोषारोप. अमुक भिक्षूचे शील, आचार वा दृष्टी बिघडली आहे, असा आरोप म्हणजे अनुवाद. विवादाचा विषय वस्तू असतो, अनुवादाचा विषय व्यक्ती. संघाने दोन्हींना जागा दिली, पण दोहोंची सरमिसळ होऊ दिली नाही. आपल्या सार्वजनिक वादांचा मूळ रोग नेमकी ही सरमिसळ आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

उदाहरण घरचेच घेऊ. धाराशिव शहराजवळ बालाघाटच्या डोंगरात कोरीव लेणी आहेत. ती बौद्ध की जैन, हा प्रश्न जुना आहे. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात ती जैन लेण्यांत गणली. त्यांतील प्रमुख लेण्याचा आराखडा मात्र प्रशस्त सभामंडप, भोवती निवासाच्या खोल्या आणि मागे गाभारा असा, म्हणजे अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांच्या धाटणीचा आहे. म्हणून पुढील काही अभ्यासकांनी असा पक्ष मांडला, की ही लेणी मुळात बौद्ध असून नंतर जैनांकडे गेली. उलट बाजूस मुनी कनकामर यांचे 'करकंडचरिउ' हे अपभ्रंश काव्य आहे. अकराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या या काव्यात तेरापूरजवळच्या डोंगरातील लेण्यांचे व पार्श्वनाथांच्या मूर्तीचे वर्णन येते. तेरापूर म्हणजे आजचे तेर, प्राचीन तगर.

हा शुद्ध विवाद आहे. दगड समोर आहे, काव्य उपलब्ध आहे, आराखडा मोजता येतो. उद्या अधिक चांगला पुरावा पुढे आला तर कोणत्याही पक्षाला मत बदलण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. परंतु हाच प्रश्न अभ्यासिकेतून चव्हाट्यावर आला, की 'हे लेणे काय आहे?' याची जागा 'हे लेणे कोणाचे?' हा प्रश्न घेतो. आणि लगेच 'असे म्हणणारा तू कोणाचा?' हा. वस्तू बाजूला पडते, माणूस आरोपी होतो. विवादाचा अनुवाद झाला!

येथे आम्हांला आपल्या उपासकबंधूंशीही स्पष्ट बोलले पाहिजे. ज्या समाजाचा इतिहास पुसला गेला, त्याला आपल्या पूर्वसूरींची खूण सापडल्यावर भरून येणे स्वाभाविक आहे. त्या भावनेची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तथापि जैन आचार्यांचे नाव घेणाऱ्या अभ्यासकाला 'बुद्धविरोधक' ठरविणे हा त्या इतिहासाचा सन्मान नव्हे. तेथे जैन मूर्ती आहेत म्हणून ते लेणे आपल्याला उणे होत नाही. भिक्षू गेल्यानंतर त्या खोल्यांत दुसऱ्या श्रमण परंपरेचा दिवा तेवला असेल, तर तोही त्या डोंगराच्या चरित्राचा भाग आहे. तो खरवडून काढण्याची इच्छा आपल्यात उद्भवली, तर आपण ज्यांना दोष देतो त्यांच्याच पंक्तीला बसू. सामगामसुत्तात विवादाची जी सहा मुळे सांगितली आहेत, त्यांत स्वतःच्या दृष्टीला घट्ट चिकटून बसणे हे एक आहे. ते मूळ बौद्धाच्या अंगणात रुजत नाही, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.

याच नगराच्या नावाचा वादही बोलका आहे. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून पडलेले उस्मानाबाद हे नाव बदलून धाराशिव करण्याचा निर्णय २०२२ साली झाला, २०२३ साली तो अंमलात आला, आणि ८ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. जुने नाव कोणते, शासनाला अधिकार आहे की नाही, हा विवादाचा भाग होता. त्याचा निकाल लागला. परंतु एक नाव उच्चारणारा देशद्रोही आणि दुसरे उच्चारणारा धर्मांध, हा जो अनुवाद शेजाऱ्या-शेजाऱ्यांत झाला, त्याचा निकाल कोणत्या न्यायालयाने द्यावा? तो मिटविण्याचे काम समाजाच्याच शिरावर राहते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की नावाचे, पाण्याचे, दगडाचे सारे वाद तृष्णामूलकच, म्हणून त्याज्य. हा निष्कर्ष आम्हांला सर्वस्वी अमान्य आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी उभा केलेला प्रश्न 'हे तळे आमचे' असा नव्हता. ते सर्वांचे आहे, असा होता. विरोधकांनी तळे खासगी असल्याचा दावा केला. बाबासाहेब तो खटला दहा वर्षे पुराव्यानिशी लढले आणि १९३७ साली उच्च न्यायालयात तो जिंकला गेला. विवाद कसा करावा याचा हा वस्तुपाठ होय. उलट, २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केल्यावर मराठवाड्यात काय घडले? ठरावावर मतभेद असू शकत होता. जाळली गेली ती मात्र ठरावाशी संबंध नसलेल्या गरिबांची घरे. अनुवादाचे याहून भीषण रूप आम्हांला ठाऊक नाही. तेथे 'तू कोण?' एवढाच प्रश्न उरला होता. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंतच्या त्या काळात 'दोन्ही बाजूंनी शांत राहावे' असे सांगणाऱ्यांनी जळणारे आणि जाळणारे यांना एकाच तागडीत तोलले. असे मौन म्हणजे उपेक्षा-भावना नव्हे.

मग सामान्य माणसाने करावे काय? उत्तर कोसंबीच्या कथेत आहे. शौचकूपातील भांड्यात पाणी शिल्लक ठेवण्यासारख्या क्षुल्लक गोष्टीवरून तेथील भिक्षूंत दोन तट पडले. भगवंतांनी समजावूनही ते ऐकेनात, तेव्हा भगवंत निघून गेले. भांडण थांबले ते नगरातील उपासकांमुळे. त्यांनी त्या भिक्षूंना वंदन करणे सोडले, भिक्षा घालणे सोडले. मग मंडळी श्रावस्तीस गेली आणि समेट झाला. सार्वजनिक कलहालाही भिक्षा लागते. आपली टाळी, आपली उपस्थिती, आपले मत ही ती भिक्षा होय. ती आपण कोणाच्या पात्रात घालतो, याला आपणच उत्तरदायी आहोत.

समथांपैकी पहिला संमुखविनय. वादाचा निर्णय संघाच्या, धम्माच्या, विनयाच्या आणि संबंधित व्यक्तींच्या समक्ष व्हावा, हे त्याचे तत्त्व. धाराशिवच्या लेण्यांविषयी बौद्ध, जैन आणि इतर अभ्यासक त्या सभामंडपातच एकत्र बसले, दगडाकडे बोट दाखवून बोलले आणि परस्परांच्या हेतूविषयी अवाक्षर न काढता उठले, तर निर्णय काहीही होवो, त्या दिवशी ते लेणे पुन्हा विहार झाले असे आम्ही समजू.