‘प्रतिकारशक्ती वाढविणे’ : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

फुप्फुसाच्या कर्करोगावरील एपिजेनेटिक औषधांविषयी मराठीत लिहू लागताच ‘ही औषधे रोगप्रतिकारशक्ती वाढवितात’ हे वाक्य लेखणीतून सहज उतरते. वाक्य मराठी वळणाचे आहे. परंतु ते विषयाला न्याय देते काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

‘शक्ती’ हा शब्द परिमाण सुचवितो. शक्ती खुराकाने वा च्यवनप्राशाने वाढते, हा लोकसमज त्यामागे उभा असतो. वस्तुतः या औषधांचे कार्य निराळे आहे. कर्कपेशीत कित्येक जनुकांवर मेथिल गटांचे आवरण चढून ती मूक होतात. पेशीची परकी ओळख पटविणाऱ्या खुणाही त्यायोगे लोपू शकतात. ॲझासायटिडीन हे औषध आवरण चढविणाऱ्या एंझाइमास अडविते. मग जनुकसंचात सुप्त असलेले प्राचीन विषाणूंचे अवशेष जागे होतात, पेशी विषाणुग्रस्त असल्याचा आभास उत्पन्न होतो आणि संरक्षणयंत्रणा सावध होते, असे 2015 मधील प्रयोगशालेय संशोधनातून दिसून आले. येथे प्रथम पालटते ती शक्ती नव्हे, ओळख होय.

पारिभाषिक संज्ञेचाही विचार येथे प्राप्त होतो. वॅडिंग्टन याने 1942 मध्ये रूढ केलेल्या मूळ संज्ञेसाठी ‘अधिजनुकीय’ हा पर्याय सुचतो. परंतु ‘अधिपती’, ‘अधिकारी’ या शब्दांमुळे ‘अधि’ वर्चस्व सूचित करतो. ग्रीक ‘एपि’चा सगोत्र संस्कृत उपसर्ग ‘अपि’ हा आहे, आणि ‘अपिधान’ म्हणजे झाकण! ‘अपिजनुकीय’ ही संज्ञा ध्वनी व अर्थ या दोन्ही दृष्टींनी जवळची ठरते. मात्र मराठी वाचकास ‘अपि’ हा ‘तथापि’, ‘अद्यापि’ यांतूनच परिचित असल्याने झाकणाचा अर्थ प्रथम उलगडून सांगावा लागेल.

सर्वांत गंभीर दोष क्रियापदात आहे. ‘वाढवितात’ हा साधा वर्तमानकाळ सिद्ध झालेल्या गोष्टीस शोभतो. प्रत्यक्षात 2011 च्या चाचणीत ॲझासायटिडीन व एंटिनोस्टॅट ही औषधे 45 रुग्णांना दिली असता मोजक्यांनाच गुण आला. पुढे त्यांपैकी काहींना प्रतिकारयंत्रणेचा लगाम सैल करणाऱ्या औषधांचा चांगला लाभ झाल्याने दोन्ही उपचार जोडण्याची कल्पना बळावली. 2017 मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी तिला आधार दिला. परंतु 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 100 रुग्णांच्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबला ॲझासायटिडीनची जोड देऊनही रोग पुन्हा बळावण्यापूर्वीचा मध्यक काळ 2.9 महिने, तर जोडीविना 4 महिने आढळला. शिवाय सैल झालेला लगाम निरोगी फुप्फुसासही इजा करू शकतो; ‘वाढविणे’ या शब्दात ही धोक्याची बाजू उरतच नाही.

आधुनिक वैद्यक व आयुर्वेद या दोहोंच्या परीक्षा घेणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिक येथे 1998 पासून आहे. येथीलच 2021 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकर या वैज्ञानिकाकडे होते. अशा नगरीत हा प्रश्न केवळ शैलीचा मानता येणार नाही. चाचणीच्या संमतिपत्रावर रुग्ण स्वाक्षरी करतो, ती मराठी क्रियापदावर विसंबून. तेथे ‘वाढवितात’ या जागी ‘वाढवू शकतील काय, हे तपासले जात आहे’ असे लिहिणे यात भाषेची शुद्धी आहे, आणि रुग्णाविषयीचा प्रामाणिकपणाही आहे.