गोष्ट आणली, आठवण राहिली

त्यागराजन यांच्या ‘अंधगन’ची (2024) तारीफ करणारे हमखास म्हणतात, ‘मूळ चित्रपटाशी प्रामाणिक आहे.’ हा शब्द मला खटकतो. श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’मधला (2018) पियानो, फ्लॅटमधलं प्रेत, आंधळेपणाचं सोंग, सगळं तमिळमध्ये जिथल्या तिथे आहे. पण मधल्या सहा वर्षांत याच गोष्टीवरून तेलुगूत ‘माएस्ट्रो’ आणि मल्याळममध्ये ‘भ्रमम्’ होऊन गेले होते. रहस्य तर रहस्य राहिलंच नव्हतं. मग तमिळ प्रेक्षकाला नव्याने काय द्यायचं? त्याची स्वतःची आठवण!

राघवन यांची खरी करामत खुनापेक्षा अनिल धवनमध्ये होती. सत्तरच्या दशकातला विसरला गेलेला नायक पुण्यातल्या घरात आपल्याच जुन्या गाण्यांत रमलेला आपण पाहतो. तो माणूस आपल्याही रविवारच्या संध्याकाळींचा असतो. म्हणून त्याचं मरण लागतं.

‘अंधगन’मध्ये त्या जागी कार्तिक आहे, आणि या एका निवडीसाठी मी त्यागराजन यांना मनापासून दाद देतो. ‘मौन रागम्’मध्ये (1986) मणिरत्नम यांनी थोडा वेळ पडद्यावर आणून मारलेला हा पोरगा तमिळ मनात अजून हळहळ ठेवून आहे. तो थकलेला नट होऊन दार उघडतो, तेव्हा पटकथेत न लिहिलेली अडतीस वर्षं त्याच्याबरोबर आत येतात. तो पडतो तेव्हा प्रेक्षक त्याला दुसऱ्यांदा गमावतो. अनुवादाने हे साधत नाही. त्यासाठी त्या भाषेत सिनेमा पाहत मोठं व्हावं लागतं.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. ‘अंधगन’मधल्या सिमरन आणि प्रशांत यांच्याही मागे असाच आठवणींचा साठा आहे. ‘पार्थेन रसित्तेन’मध्ये (2000) सिमरन प्रशांतवरच्या एकतर्फी प्रेमापायी खलनायिका झाली होती. तीच सिमरन आता खुनी होऊन त्याच प्रशांतसमोर उभी राहते, आणि तरीही तिला ‘अंधाधुन’मधल्या तब्बूच्या पावलांवर पाऊल टाकायला लावलं जातं. प्रशांत चित्रपट आला तेव्हा 51 वर्षांचा होता. उमेद सरत आलेला, तरी सोंग न सुटणारा पियानोवादक किती भेदक झाला असता! पण मूळ पात्र तरुण, म्हणून हेही तरुणच. प्रामाणिकपणाने घास तोंडाशी आणून काढून घेतला.

तमिळमधल्या आधीच्या रीमेकमध्येही हा फरक दिसतो. रजनीकांतचा ‘बिल्ला’ (1980) स्वतःच्या चालीवर चालतो. अजितचा ‘बिल्ला’ (2007) म्हणजे कोट, गॉगल आणि मलेशिया. ‘पिंक’वरून केलेल्या ‘नेरकोंडा पार्वै’ने (2019) बदल केला, पण तो चुकीच्या दिशेने. बाईचं ‘नाही’ हे पूर्ण वाक्य आहे, असं कोर्टात सांगणाऱ्या चित्रपटाने वकिलाला हाणामारी करायला लावली. म्हणजे त्या शब्दावर चित्रपटाचाच विश्वास नव्हता.

हक्क विकत घेतले की कथानक हाती येतं. त्या कथानकाला जिवंत ठेवणारी स्मृती मात्र कोणत्याही करारात मिळत नाही, ती दिग्दर्शकाने आपल्या पदरची घालायची असते. मराठी माणसाला हे निराळं सांगायला नको. ‘सैराट’चा ‘धडक’ होताना प्रेमकथा हिंदीत गेली आणि जातीचा दाह करमाळ्यातच राहिला. उलट, राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’वरून बासू चॅटर्जींनी ‘पिया का घर’ (1972) केला, तेव्हा नवपरिणितांना एकांत न देणारं दाटीवाटीचं घर त्यांनी जिवापाड सांभाळलं. आणि त्या घरातला नवरा कोण होता? हाच अनिल धवन. राघवन यांना जो चेहरा 2018मध्ये उपयोगी पडला, त्याच्यामागे एक मराठी घर होतं.

म्हणून ‘प्रामाणिक’ ही तारीफ थांबवा. रीमेक करणाऱ्याने मूळ चित्रपटाचं ऋण मान्य करावं आणि इमान आपल्या प्रेक्षकाच्या आठवणींशी राखावं. ‘अंधगन’मध्ये कार्तिक जिवंत असतो तेवढा वेळ हे इमान दिसतं. तो मेला की पुन्हा पुण्याचाच नकाशा उघडला जातो.