नमुनापटावरचे नाव

साहित्याची समीक्षा करणाऱ्या पानांत भरतकामाचा विचार कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर साधे आहे. ज्या कापडावर अक्षरे आहेत, नाव आहे, साल आहे आणि पुष्कळदा एखादे वचनही आहे, ते कापड हा एक लेखच होय. लेख म्हटला की तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, त्यात स्वतःचे किती आणि उसने किती, हे प्रश्न आलेच. फुलीच्या टाक्यात, म्हणजेच क्रॉस स्टिचमध्ये भरलेल्या अशा कापडाला सँप्लर म्हणतात. आम्ही त्याला येथे नमुनापट म्हणू. शिकलेले टाके, मुळाक्षरे, आकडे, भोवती वेलबुट्टीची किनार आणि तळाशी भरणारीचे नाव, वय व साल, हे त्याचे रूढ रूप. आपल्याकडील शिवणवर्गातील मुली धावदोरा, साखळी टाका, काजे यांचे तुकडे वहीत चिकटवून जी नमुन्यांची वही करतात, तिची ही युरोपातील थोरली बहीण म्हणता येईल.

या कलेत दोन व्यक्ती असतात, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. एक आराखडा करणारी आणि दुसरी तो कापडावर उतरवणारी. आराखडा करणारीचा दिवस बाहेरून पाहणाऱ्याला नीरस वाटेल, कारण तो बहुतेक मोजण्यातच जातो. तिच्यासमोर चौकटींचा कागद असतो. आज पुष्कळ ठिकाणी त्याची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली आहे, परंतु चौकट सुटलेली नाही. इंचाला चौदा घरे असलेल्या कापडावर दहा इंच रुंदीचे चित्र हवे असेल, तर तिला एकशेचाळीस घरांत सारे बसवावे लागते. उंची शंभर घरे धरली आणि सर्व कापड भरायचे ठरवले, तर चौदा हजार फुल्या होतात. प्रत्येक फुलीचे दोन पाय, आणि वरचा पाय सर्वत्र एकाच दिशेला झुकलेला हवा. एरवी प्रकाशात कापड विस्कटलेले दिसते. मग रंगांच्या लडींचे क्रमांक ठरवणे, प्रत्येक रंगाला एक खूण देणे, आपल्याच आराखड्यावरून एक तुकडा भरून पाहणे, चूक आढळली की उसवणे आणि पुन्हा मोजणे. या श्रमात प्रतिभेला वाव नाही असे कोणी म्हणेल, तर ते आम्हांला मान्य नाही. वृत्तात लिहिणारा कवी मात्रा मोजतोच. मोजणी पुरी झाल्यावर जे उरते त्यावरून कवीची परीक्षा होते. आराखडा करणारीचीही तशीच व्हावी.

हे आराखडे छापून विकण्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात युरोपात भरभराटीला आला. बर्लिनमध्ये शतकाच्या आरंभीच रंगीत आराखडे छापले जाऊ लागले आणि तेथून ते घरोघरी पोहोचले. पुढे तेरेझ द दिलमाँ (१८४६–१८९०) या ऑस्ट्रियन बाईंनी फ्रान्समधील डीएमसी या सूतगिरणीच्या सहकार्याने १८८६ साली सुईकामाचा जो ज्ञानकोश सिद्ध केला, तो अनेक भाषांत गेला. सुईकामाला शास्त्राची शिस्त देण्याचे श्रेय या बाईंना दिलेच पाहिजे. परंतु छापील आराखड्याने एक नुकसानही केले. कापडावर काय असावे हे भरणारी ठरवीत असे. ते आता दूर कोठेतरी ठरू लागले. तिच्याकडे हात राहिले, मजकूर मात्र गेला.

हा मजकूर म्हणजे काय, हे दोन जुन्या नमुनापटांवरून स्पष्ट व्हावे. दोन्ही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पहिला जेन बॉस्टॉक हिचा, १५९८ सालचा. साल घातलेल्या ब्रिटिश नमुनापटांत हा सर्वांत जुना मानतात. त्यावर पशू आहेत, फुले आहेत, मुळाक्षरे आहेत. आणि ॲलिस ली नावाच्या एका मुलीच्या, १५९६ मधील जन्माची नोंदही आहे. दफ्तरात जन्माची नोंद पुरुष करीत. येथे ती सुईने झाली. किनारीच्या नक्षीपेक्षा या एका ओळीमुळे ते कापड आजही बोलते.

दुसरा नमुनापट याहून विलक्षण आहे. १८१३ साली जन्मलेल्या एलिझाबेथ पार्कर या ससेक्समधील मोलकरणीने तो १८३०च्या सुमारास भरला. त्याला किनार नाही, फूल नाही, पक्षी नाही. पांढऱ्या कापडावर तांबड्या रेशमाच्या बारीक फुल्यांनी ओळीमागून ओळ केवळ अक्षरे भरली आहेत. आपल्याला लिहिता येत नाही असे सांगून ती आरंभ करते, आणि मग कामाच्या घरी सोसलेली क्रूरता, जीव देण्याचा मनात आलेला विचार, देवाविषयीचे भय हे सर्व क्रमाने मांडते. आपल्या आत्म्याचे पुढे काय होईल या प्रश्नाशी मजकूर वाक्याच्या मध्येच तुटतो आणि खाली कोरे कापड उरते. पापनिवेदन ऐकणे हा ज्यांच्या सेवेचा भाग आहे, त्या आम्हांस हे कापड पाहून मौन धरावेसे वाटते. ही मुलगी पुढे गावच्या शाळेत शिक्षिका झाली आणि १८८९ साली वारली, हे वाचून दिलासा मिळतो. पण समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. मुलींना शिस्त लावण्यासाठी, त्यांनी मान खाली घालून बसावे म्हणून जो टाका शिकवला जाई, तोच टाका तिने स्वतःचे सांगण्यासाठी वापरला. साधन दिलेले होते. शब्द तिचे होते.

आता आपल्याकडे वळू. फुलीचा टाका परका आहे असे समजण्याचे कारण नाही. बेळगाव-धारवाडकडील कशिद्यात, म्हणजे कसुतीत, गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके आहेत. त्यांपैकी मेंथी म्हणजे फुलीचाच टाका. मेथीच्या दाण्यावरून त्याला हे नाव पडले. कोल्हापूर-बेळगावकडील कुटुंबांत वापरल्या जाणाऱ्या इरकली लुगड्यांवर गोपुर, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन या आकृती कापडावर काहीही न रेखता, केवळ सूत मोजून भरल्या जात. तेथे आराखडा करणारी आणि भरणारी या दोघी एकच होत्या. आराखडा आईकडून मुलीकडे हातांनीच जाई.

परंतु आपल्या घरांतील भिंतींवर काचेच्या चौकटीत दिसतात ते नमुनापट या परंपरेतले नाहीत. मॅटीच्या कापडावर गुलाबांची परडी, बदकांची जोडी, विलायती झोपडी आणि रोमन लिपीत ‘वेलकम’. आमच्या ख्रिस्ती घरांत त्यात शेवटच्या भोजनाचे चित्र आणि एखादे इंग्रजी वचन यांची भर पडते. भरणारीच्या कष्टांविषयी आम्हांस आदरच आहे. पण ज्या घरात प्रार्थना मराठीत होते, त्या घरातील आशीर्वाद परक्या लिपीत का, हे विचारलेच पाहिजे. कारण श्रद्धेत नाही, आराखड्यात आहे. रोमन मोठे अक्षर सात घरांच्या उंचीत सहज बसते आणि त्याचे तयार तक्ते हवे तितके मिळतात. देवनागरीला तीन मजले लागतात: शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा व अनुस्वार, मध्ये अक्षराचे अंग आणि खाली उकार. अंगाला नऊ व वर-खाली चार-चार घरे धरली, तर एका ओळीलाच सतरा घरे जातात. ‘क’ची गोलाई, ‘ळ’ची दोन वर्तुळे, जोडाक्षरांची दाटी हे सारे चौकोनांत बसवणे कठीण आहे. कठीण आहे, अशक्य नाही. शिरोरेघ तर जणू या कापडासाठीच जन्मली आहे, इतकी ती सरळ जाते. हे कष्ट कोणी मनावर घेत नाही, म्हणून आपल्या मुली परकी अक्षरे भरतात.

वेवजीसारख्या गावी या प्रश्नाला विशेष धार येते. तलासरी तालुक्यातील हे गाव राज्याच्या अगदी कडेला आहे. पलीकडे गुजरातचे सोळसुंबा, आणि १९६०च्या राज्यविभाजनात गुजरातकडे गेलेले उंबरगाव. दोन्ही गावांमधील हद्दीचा वाद वर्तमानपत्रांतही गाजला. अलीकडच्या पाट्यांना शिरोरेघ आहे, पलीकडच्या पाट्यांना नाही. आणि या दोहोंच्या मध्ये वारली बोली आहे, जिला स्वतःची लिपी नाही. येथील एखादी मुलगी नमुनापट करावयास बसली, तर तिने कोणती अक्षरे घ्यावी आणि कोणत्या आकृती, हा तिच्यापुढील खरा प्रश्न होय.

आकृतींच्या बाबतीत बाजाराने तिच्यासाठी उत्तर काढूनच ठेवले आहे: वारली चित्र. उशीचे अभ्रे, मेजपोस, पिशव्या यांवर तारप्याचा नाच फुलीच्या टाक्यात भरलेला सर्रास दिसतो. या आराखड्यांविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. वारली माणसाचे अंग टोकाशी टोक जुळलेल्या दोन त्रिकोणांचे. तिरकी रेघ घराच्या कर्णाने जाते, त्यामुळे एकटा माणूस कापडावर बरा उतरतो. परंतु तारप्याचा नाच हे वळत जाणारे कडे आहे. ते चौकोनी घरांत घातले की त्याच्या पायऱ्या होतात. मग आराखडा करणारी कडे तोडते आणि नाचणारे एका ओळीत उभे करते. ओळीत उभी माणसे नाचत नाहीत, ती वाट पाहत असल्यासारखी दिसतात.

याउलट जी गोष्ट या कापडाला सर्वांत मानवली असती, ती या आराखड्यांनी वगळली आहे. ती म्हणजे लग्नाचा चौक. वारली घरात लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकाच्या आत पालघट देवी आणि भोवती भौमितिक नक्षीच्या पट्ट्यांवर पट्ट्या. चौकोन, पट्ट्या, मधोमध जे पवित्र ते: नमुनापटाची मांडणी याहून वेगळी काय असते? वारली स्त्रियांकडे युरोपाच्या नमुनापटाशी तोडीस तोड रचना पूर्वीपासून होती. तिच्याकडे पाहण्याचे सोडून आम्ही तिच्या कडेची माणसे तेवढी उचलली. अर्थात देवीचा चौक हे पूजेचे चित्र आहे. तो उशीच्या अभ्र्यावर घालावा असे आम्ही सुचवीत नाही. दुसऱ्याच्या देवाची आब राखणे हे आमच्या श्रद्धेचेही मागणे आहे. पण त्या पट्ट्यांची बांधणी, त्यांतील मोजमाप आणि मोकळी जागा सोडण्याची समज त्या स्त्रियांकडून, त्यांना विचारून, शिकता येईल.

येथे नावाचा प्रश्न येतो. हा चौक लिहिणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव भिंतीवर नाही, आणि तशी त्यांची अपेक्षाही नव्हती. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणला, आणि डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांची थोर प्रतिभा जगापुढे आली. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांचे प्रदर्शन झाले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान सर्वस्वी योग्य होता. वारली चित्रांना भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाल्याने समाजाचे नावही कायद्याने जपले गेले. परंतु समाजाचे नाव आणि एका बाईचे नाव या दोन गोष्टी आहेत. बाजारातील अभ्र्यावर दुकानाची चिठ्ठी असते. आराखडा करणारीचे नाव छायाप्रत काढताना कापले जाते. आणि भरणारीचे नाव तर कधी नव्हतेच.

जेन बॉस्टॉकची परंपरा नेमकी येथे उपयोगी पडावी. नमुनापट हा असा प्रकार आहे की ज्यात भरणारीचे नाव ही रचनेची गरज असते. तळाची ती ओळ नसेल तर नमुनापट अपुरा. म्हणून आराखडा करणाऱ्यांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. प्रत्येक आराखड्यासोबत देवनागरीचा पूर्ण तक्ता द्यावा, मात्रा, उकार व जोडाक्षरांसह. तळाशी एक पट्टी कोरी सोडावी आणि तेथे काय भरावे हे सांगू नये. आणि आकृती जेथून घेतली त्या गावाचे व समाजाचे नाव आराखड्यावर छापावे, कापून टाकता येणार नाही अशा जागी. शिवणवर्ग चालवणाऱ्या आमच्या धर्मभगिनींनीही शेवटच्या परीक्षेत तयार आराखडा न देता मुलीला स्वतःचे नाव, गाव आणि तिला हवी ती एक ओळ भरावयास सांगावी.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये स्त्रिया शिवणकाम, विणकाम शिकत, आणि रमाबाईंनी भाषांतरित केलेल्या बायबलचे खिळेही त्यांनीच जुळवले. ज्या हातांना सुई दिली त्याच हातांना अक्षरेही द्यावीत, हे त्या बाईंनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. आपण अजून सुईपाशीच थांबलो आहोत. वेवजीच्या मुलीने भरलेल्या कापडावर गुलाबाची परडी नसली तरी चालेल, टाके थोडे वाकडे असले तरी चालतील; तळाशी तिच्या भाषेत, तिच्या अक्षरांत तिचे नाव मात्र असावे. त्या एका ओळीला सतरा घरे लागतील, तेवढी तिला मोकळी सोडली पाहिजेत.