पडीक जागा, भित्तिचित्रे आणि निगा : फिलाडेल्फियातील लोकसहभागी कलेचे एक मूल्यमापन

प्रस्तावना

शहरातील कला म्हटली की आपल्यासमोर दोन गोष्टी येतात : कलादालनातील चित्रे आणि चौकातील पुतळे. या दोहोंखेरीज गेल्या चार-पाच दशकांत कलेचा आणखी एक प्रकार पुढे आला आहे. वस्तीतील रहिवासी, पडीक जमीन, झाडे, भिंती, फुटक्या फरश्या हेच या कलेचे माध्यम असते. तिला लोकसहभागी कला किंवा पर्यावरण कला असे म्हणतात. तिची समीक्षा करताना एक अडचण येते. कलासमीक्षक तिच्यात रेषा, रंग आणि रचना शोधतो व ती बाळबोध ठरवून मोकळा होतो. उलट समाजकार्याचा अहवाल लिहिणारा किती माणसे आली, किती भिंती रंगल्या याची मोजदाद करून समाधान मानतो. पहिल्याला लोक दिसत नाहीत, दुसऱ्याला कला दिसत नाही.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील तीन उपक्रमांची तुलना केली आहे. हे शहर निवडण्याचे कारण असे की तिथे कलावंताने घडविलेली वस्ती, महापालिकेच्या आश्रयाने वाढलेली भित्तिचित्रे आणि पडीक जागांवर केलेली साधी हिरवळ हे तिन्ही प्रकार एकाच शहरात आढळतात. शिवाय त्यांपैकी काहींच्या परिणामांचे शास्त्रीय मापनही झाले आहे. या तुलनेतून लेखकाच्या हाती जे लागले ते थोडक्यात असे : अशा कलेची खरी कसोटी उद्घाटनाच्या दिवशी लागत नाही, ती नंतरच्या निगेत लागते, आणि निगा कोण राखणार हे काम सुरू करताना कोणाच्या हातात हत्यारे दिली यावर अवलंबून असते.

शहराची पार्श्वभूमी

1950 साली फिलाडेल्फियाची लोकसंख्या 20 लाखांच्या वर होती. 2000 साली ती सुमारे 15 लाखांवर आली. कारखाने बंद पडले, ज्यांना शक्य होते ते उपनगरांत निघून गेले. मागे राहिले ते प्रामुख्याने गरीब, आणि उत्तर फिलाडेल्फियात बहुसंख्य कृष्णवर्णीय रहिवासी. घरे ओस पडली, जळाली, पाडली गेली. शहरात सुमारे 40,000 रिकामे भूखंड तयार झाले. तेथे कचरा साठू लागला, मोडक्या गाड्या टाकल्या जाऊ लागल्या, अमली पदार्थांचा व्यवहार चालू लागला. तेव्हा या शहरातील पर्यावरणाचा प्रश्न दूरच्या अरण्याचा नव्हता, घराच्या दारातल्या उकिरड्याचा होता. ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय पुढील उपक्रमांचे मोल कळणार नाही.

व्हिलेज ऑफ आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज

लिली ये यांचा जन्म 1941 साली चीनमध्ये झाला. त्या तैवानमध्ये वाढल्या, 1963 मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेत आल्या आणि पुढे फिलाडेल्फियातील कला महाविद्यालयात अध्यापिका झाल्या. 1986 मध्ये आर्थर हॉल या कृष्णवर्णीय नृत्यकाराने आपल्या उत्तर फिलाडेल्फियातील केंद्राशेजारच्या पडीक जागेत बाग करण्याची विनंती त्यांना केली. हाताशी 2,500 डॉलरचे अनुदान होते. वस्ती अनोळखी, कामाचा अनुभव शून्य. सुरुवातीला त्यांना भीती वाटली आणि काम सोडून द्यावे असेही मनात आले, हे त्यांनी स्वतःच पुढे प्रांजळपणे सांगितले आहे.

मदतीला प्रथम मुले आली. मग जोजो विल्यम्स हे तेथील रहिवासी आले. पुढे ‘बिग मॅन’ या नावाने ओळखले जाणारे जेम्स मॅक्स्टन आले. ते व्यसनाच्या विळख्यातून बाहेर पडले, मोझॅकचे काम शिकले आणि नंतर इतरांना शिकवू लागले. 1989 मध्ये या कामाला रीतसर संस्थेचे रूप मिळाले. बागा वाढत गेल्या. ‘एंजल ॲली’ या गल्लीच्या भिंतीवर इथिओपियातील ख्रिस्ती चित्रपरंपरेच्या धर्तीवर देवदूतांचे मोझॅक उभे राहिले. ‘मेडिटेशन पार्क’ या बागेच्या रचनेत चिनी उद्यान, इस्लामी वास्तूंतील आंगण आणि पश्चिम आफ्रिकेतील मातीची बांधकामे यांचे संस्कार एकत्र आले. 2001 साली या कामास नगररचनेसाठी दिल्या जाणाऱ्या रुडी ब्रुनर पुरस्काराचे सुवर्णपदक मिळाले.

येथे समीक्षकाने थांबून माध्यमाचा विचार करायला हवा. मोझॅकची निवड केवळ शोभेसाठी झाली असे मानणे चुकीचे ठरेल. फुटलेल्या फरशीचे तुकडे स्वस्त असतात. ज्याने कधी चित्र काढले नाही अशा माणसालाही तुकडा बसविणे एका दिवसात जमते. एखादा तुकडा वाकडा बसला तरी एकूण आकृती बिघडत नाही. रंग उन्हापावसात उडतो, फरशी टिकते. म्हणजे अनेकांच्या अकुशल हातांना सामावून घेणे आणि दीर्घकाळ टिकणे हे दोन्ही गुण या माध्यमातच आहेत. आशय आणि माध्यम यांचा असा मेळ बसणे हाच कलागुण होय. देवदूतांच्या रेखाटनातील साधेपणाला बाळबोध म्हणणाऱ्या टीकाकाराने हा मेळ ध्यानात घेतलेला नाही.

मात्र या कामाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. बरीच वर्षे त्याचा केंद्रबिंदू एक व्यक्ती होती. लिली ये 2004 मध्ये संस्थेतून बाहेर पडल्या. तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला : संस्थापक गेल्यावर हे काम कोणाचे? संस्था टिकली, पण तिचे स्वरूप बदलले. 2014 पासून तेथे ‘पीपल्स पेपर को-ऑप’ हा उपक्रम सुरू झाला. ज्यांच्या नावावरील गुन्ह्यांच्या नोंदी कायद्याने पुसल्या जाऊ शकतात त्यांना वकिलांची मदत मिळते. मग त्या नोंदींचे कागद फाडून, भिजवून त्यांपासूनच नवा कागद तयार केला जातो. टाकाऊ वस्तूतून नवे घडविण्याचे मूळ सूत्र येथे कायम आहे. विषय मात्र बागेऐवजी माणसाच्या भवितव्याचा झाला. हा बदल म्हणजे ऱ्हास नव्हे. वस्तीची गरज बदलली तशी कला बदलली, असाच त्याचा अर्थ लावावा लागेल.

भित्तिचित्रांचा कार्यक्रम

दुसरा उपक्रम याच्या उलट दिशेने आला. 1984 मध्ये महापौर विल्सन गूड यांच्या काळात भिंतींवर लिहिणाऱ्या तरुणांना आळा घालण्यासाठी महापालिकेने एक विभाग काढला. जेन गोल्डन या चित्रकार त्यात रुजू झाल्या. त्यांनी याच तरुणांच्या हाती कुंचले दिले. 1996 मध्ये ‘म्युरल आर्ट्स’ हा स्वतंत्र कार्यक्रम झाला. आजवर त्यातून 4,000 हून अधिक चित्रे झाली आहेत.

या कार्यक्रमाचे तंत्रही अभ्यासण्यासारखे आहे. पुष्कळ चित्रे थेट भिंतीवर रंगविली जात नाहीत. पातळ, न विणलेल्या कापडाचे चौकोन शाळेत, वृद्धाश्रमात किंवा तुरुंगात नेऊन तेथे रंगवितात आणि नंतर भिंतीवर चिकटवितात. त्यामुळे जो माणूस त्या भिंतीपाशी येऊच शकत नाही त्याचाही हात चित्राला लागतो. ग्रेटरफोर्ड तुरुंगातील (हा तुरुंग 2018 मध्ये बंद झाला) कैदी आणि गुन्ह्यांची झळ बसलेली कुटुंबे यांनी अशाच पद्धतीने केलेल्या चित्रांवर 2009 मध्ये माहितीपटही निघाला. त्यात दोन्ही बाजूंमधील तणाव झाकलेला नाही, हे त्याचे मोल आहे.

ज्या जर्मनटाउन रस्त्यावर लिली ये यांच्या बागा आहेत त्याच रस्त्यावर दक्षिणेकडे अल-अक्सा मशीद आहे. ही इमारत पूर्वी फर्निचरचे गोदाम होती. 2001 नंतरच्या तणावाच्या वर्षांत तिच्या बाहेरील भिंती भौमितिक नक्षी आणि भाजलेल्या मातीच्या फरश्यांनी सजविण्यात आल्या. मशिदीतील मंडळी, परिसरातील अन्य धर्मीय आणि शाळकरी मुले या कामात एकत्र आली. इस्लामी परंपरेतील भौमितिक नक्षीला मानवाकृतीची गरज नसते, आणि ती एका आकाराच्या पुनरावृत्तीतून वाढते. म्हणून अनेक मुलांनी वेगवेगळ्या ठिकाणी केलेले तुकडे तिच्यात सहज बसतात. परंपरेतील सौंदर्यदृष्टी आणि सहभागाची पद्धती यांचा येथे संघर्ष होत नाही, त्या एकमेकींना पूरक ठरतात. आपल्याकडे असे उपक्रम आखताना या उदाहरणाचा अवश्य विचार व्हावा.

भित्तिचित्रांच्या परिणामांविषयी येल विद्यापीठाने ‘पोर्च लाइट’ या उपक्रमाचे मूल्यमापन केले आणि त्याचा अहवाल 2015 मध्ये आला. शेजाऱ्यांचा परस्परांवरील विश्वास वाढणे आणि मानसिक आजाराविषयीचा कलंक कमी होणे असे परिणाम त्यात नोंदविले आहेत. तरीही एक दोष उरतो. रिकाम्या भूखंडाकडील भिंतीवर चित्र असेल तर त्या भूखंडावर नवी इमारत येताच चित्र झाकले जाते. भिंतीची मालकी वस्तीची नसते. चित्रात वस्ती असते, निर्णयात नसते.

साधी हिरवळ आणि तिचे आव्हान

तिसरा उपक्रम कला म्हणवून घेत नाही. पेनसिल्व्हेनिया हॉर्टिकल्चरल सोसायटी ही संस्था ‘लँडकेअर’ कार्यक्रमाखाली पडीक भूखंडांवरील कचरा काढते, माती समतल करते, गवत पेरते, काही झाडे लावते आणि कमरेहूनही कमी उंचीचे लाकडी कुंपण घालते. कुंपणाला वाट ठेवलेली असते. त्यामुळे माणूस आत जाऊ शकतो, पण कचऱ्याची गाडी जाऊ शकत नाही. पुढे गवत नियमित कापले जाते आणि या कामात स्थानिक संस्थांनाही रोजगार मिळतो.

या कामाची परीक्षा चार्ल्स ब्रानस, युजेनिया साउथ आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाद्वारे केली. 541 भूखंड यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागले : एका गटात हिरवळ, दुसऱ्यात केवळ सफाई व गवतकापणी, तिसऱ्यात काहीच नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत सुधारलेल्या भूखंडांच्या परिसरात बंदुकीचे गुन्हे सुमारे 29 टक्क्यांनी घटले. रहिवाशांचे घराबाहेर मिळून बसणे सुमारे 76 टक्क्यांनी वाढले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात हिरवळीजवळ राहणाऱ्यांत खिन्नतेची भावना सुमारे 41 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. नुसत्या सफाईने मात्र मनःस्थितीत लक्षणीय फरक पडला नाही.

हे आकडे कलेच्या पुरस्कर्त्यांना अडचणीत टाकणारे आहेत. गवत, चार झाडे आणि कुंपण एवढ्यानेच जर भीती कमी होत असेल, तर मोझॅक आणि चित्रे कशाला? सुरक्षितता आणि आरोग्य यांचे श्रेय कलेने एकटीने घेणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पण याच आकड्यांतून दुसरी गोष्टही कळते. कचरा उचलण्याने जे साधले नाही ते हिरवळीने साधले. म्हणजे जागेला दिलेल्या रूपाला महत्त्व आहे. या जागेची कोणी तरी निगा राखते आहे, असे ते रूप सांगत असते. लँडकेअरमध्ये ही निगा संस्था राखते. व्हिलेजमध्ये जेम्स मॅक्स्टन यांच्यासारखा रहिवासी स्वतः कर्ता आणि शिक्षक झाला. हे रूपांतर गवतकापणीच्या कंत्राटातून होणे कठीण आहे. कलेचे वेगळे देणे असेल तर ते हेच.

एक धोका मात्र तिन्ही उपक्रमांपुढे आहे. सुसान वॉक्टर यांनी 2005 मध्ये याच शहराच्या न्यू केन्सिंग्टन भागाचा अभ्यास केला. पडीक जागा सुधारल्यावर लगतच्या घरांच्या किमती 30 टक्क्यांपर्यंत वाढल्याचे त्यांना आढळले. घरमालकाला हा लाभ आहे, भाडेकरूला तो भुर्दंड ठरू शकतो. ज्याने बाग केली त्यालाच वस्ती सोडावी लागली तर ती बाग यशस्वी म्हणता येणार नाही. घराच्या हक्काचा प्रश्न बाजूला ठेवून केलेली पर्यावरण कला अपुरी राहते.

निष्कर्ष

आपल्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात, भिंती रंगविल्या जातात, रोपे लावली जातात. त्यांचे अहवाल बहुधा छायाचित्रे आणि उपस्थितीच्या आकड्यांवर संपतात. वरील विवेचनावरून अशा उपक्रमांसाठी पुढील निकष सुचवावेसे वाटतात.

1. जागा आणि विषय यांची निवड करताना रहिवाशांचे मत घेतले होते काय?

2. माध्यम असे आहे काय, की ज्यात अकुशल हातालाही स्थान मिळते आणि जे उन्हापावसात टिकते?

3. सुरुवातीचा शिकाऊ पुढे शिकविणारा झाला काय?

4. निगेचा खर्च आणि जबाबदारी पहिल्याच दिवशी ठरविली होती काय?

5. कामामुळे वस्तीत कोणाचा लाभ झाला, कोणाला झळ बसली, याची नोंद ठेवली काय?

या पाचही प्रश्नांची उत्तरे शिबिर संपते त्या दिवशी मिळणार नाहीत. म्हणून अहवाल दोनदा लिहावा : एकदा समारोपाच्या दिवशी आणि एकदा दोन पावसाळ्यांनंतर, त्याच जागी जाऊन. दुसऱ्या अहवालासाठी विद्यार्थ्यांच्या पुढच्या तुकडीला पाठविता येईल. रोपटे जगले नसेल किंवा रंग उडाला असेल, तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे. त्या तुकडीला आपल्या कामाची सुरुवात कुठून करायची हे अशा प्रामाणिक नोंदीतूनच कळेल.