करवतकाठी साडी आणि सामाजिक माध्यमांवरील जाहिरात : एक समीक्षा

प्रस्तावना :
जागतिकीकरणानंतर बाजारपेठेचे स्वरूप झपाट्याने बदलले. २००९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप, २०१० मध्ये इन्स्टाग्राम आणि २०१८ मध्ये लघुव्यावसायिकांसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू झाले. दलालाविना ग्राहकापर्यंत पोहोचण्याची सोय त्यामुळे उपलब्ध झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड व गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी ही कोसा विणकामाची जुनी केंद्रे आहेत. तेथील करवतकाठी साडीच्या संदर्भात या सोयीचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

छायाचित्राची मर्यादा :
‘रोज नवे छायाचित्र टाका, अनुयायी वाढवा’ हा सल्ला लघुउद्योजकास सर्रास दिला जातो. करवतकाठी साडीस तो अपुरा पडतो. करवतीच्या दात्यांसारखा दिसणारा हिचा काठ तीन धोट्यांनी विणला जातो. दोन धोटे काठांसाठी व एक अंगासाठी चालतो आणि काठ व अंग यांचे बाण्याचे धागे एकमेकांत अडकवले जातात. छापील काठाची किंवा यंत्रमागावरील नक्कल छायाचित्रात जवळजवळ तशीच दिसते. म्हणजेच केवळ देखण्या चित्रावर आधारलेली जाहिरात अस्सल विणकराइतकीच नक्कल करणाऱ्यासही उपयोगी पडते. किमतीच्या स्पर्धेत मात्र विणकरच हरतो.

प्रमाणचिन्हांचे स्थान :
२००४ मध्ये सुरू झालेला सिल्क मार्क धागा शुद्ध रेशमाचा असल्याची हमी देतो. कापड हातमागावरचे असल्याची नव्हे. ती हमी २००६ मधील हँडलूम मार्क देतो. करवतकाठीस भौगोलिक निर्देशनही लाभले आहे. परंतु त्याचा वापर करण्यासाठी उत्पादकास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. या तिन्हींतील भेद ग्राहकास समजावून सांगणे हेच जाहिरातीचे खरे कार्य होय.

प्रभावी प्रसिद्धीचे स्वरूप :
मागावरील तीन धोट्यांची हालचाल दाखवणारी एक मिनिटाची चित्रफीत, साडीची उलटी बाजू, काठाच्या सांध्याचे जवळून घेतलेले चित्र, विणकाम-केंद्राचे नाव आणि लागणारा कालावधी ही माहिती नक्कल करणाऱ्यास सहज देता येत नाही. ऐन व अर्जुन वृक्षांवर कोसा-किडे पाळून पाखरांपासून त्यांची राखण करणाऱ्या ढिवर कुटुंबांचा उल्लेखही बहुतेक जाहिरातींत आढळत नाही. ‘जंगलातील रेशीम’ या मोघम शब्दप्रयोगात त्यांचे श्रम झाकले जातात.

याची दुसरी बाजूही विचारात घेणे आवश्यक आहे. हातमागाचे उत्पादन मागणीबरोबर वाढत नाही आणि कोशांचे पीक हंगामावर अवलंबून असते. एखादी चित्रफीत अचानक लोकप्रिय झाली व मागणी आवाक्याबाहेर गेली, तर बाहेरून माल आणून ती पुरवण्याचा मोह विक्रेत्यास होतो. त्या क्षणी कमावलेला विश्वास संपुष्टात येतो. म्हणून ‘साडी तयार होण्यास इतके दिवस लागतील’ हे वाक्य जाहिरातीतील उणीव न मानता तिचे बलस्थान मानले पाहिजे.

निष्कर्ष :
सारांश, वनप्रदेशातील लघुउद्योगासाठी सामाजिक माध्यमांचे यश अनुयायांच्या संख्येवर मोजणे सदोष ठरते. अस्सल वस्तू ओळखण्याची दृष्टी ग्राहकास मिळाली किंवा नाही आणि विक्रीचा लाभ मागावर बसणाऱ्यापर्यंत व कोसा पिकवणाऱ्यापर्यंत पोहोचला किंवा नाही, हेच तिचे योग्य निकष होत.