दुवा, मत आणि साक्ष: सामाजिक वार्तास्थळांच्या आधारे शोधक्रम वाढविण्याच्या तंत्राची मराठी संदर्भात चिकित्सा

बीजशब्द: सामाजिक वार्तास्थळे, शोधयंत्र, दुवा, मराठी संकेतस्थळे, युनिकोड

संकेतस्थळ काढले, पण ते शोधयंत्रात सापडत नाही, ही तक्रार गेल्या वीस वर्षांत लहान गावांतील व्यापारी, शिक्षणसंस्था आणि हौशी लेखक यांच्याकडून वारंवार ऐकू येते. २००५ नंतरच्या काळात तिच्यावर एक उपाय मोठ्या उत्साहाने सांगितला जाऊ लागला. आपल्या पानाचा दुवा सामाजिक वार्तास्थळांवर नोंदवा, परिचितांकडून त्यास मते मिळवा, म्हणजे शोधक्रम आपोआप वर चढेल, असा तो उपाय. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा करावयाची आहे. हा मार्ग नीतीच्या दृष्टीने संशयास्पद आहे, एवढे म्हणून थांबता येत नाही. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत तो रोगाचे निदानच चुकवितो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या उपायामागील विचार मुळात प्रतिष्ठित आहे. एखाद्या संशोधनलेखाचे महत्त्व इतरांनी त्याचा किती आधार घेतला यावरून पाहता येईल, ही दृष्टी युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी तीच दृष्टी महाजालास लावली. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा म्हणजे जणू संदर्भ. आणि ज्या पानास स्वतःला वजन आहे, त्याने दिलेल्या दुव्यासही अधिक वजन. गुगलच्या यशाचा पाया या गणितात होता. मात्र त्यात एक गृहीत दडलेले आहे. दुवा देणाऱ्याने ते पान वाचले आहे, ते त्यास उपयुक्त वाटले आहे, आणि म्हणून तो त्याची साक्ष देत आहे, हे ते गृहीत होय.

सामाजिक वार्तास्थळांनी ही साक्ष अतिशय स्वस्त केली. १९९७ च्या स्लॅशडॉटवर बातम्यांची निवड संपादक करीत. २००४ मध्ये डिग आणि २००५ मध्ये रेडिट आले आणि निवडीचा अधिकार वाचकांच्या मताकडे गेला. शोधक्रमाच्या व्यावसायिकांना यात दोन लाभ दिसले. एक, वजनदार स्थळावरून मिळणारा थेट दुवा. दुसरा, पहिल्या पानावर झळकल्यामुळे येणारे हजारो वाचक, ज्यांतील काही जण पुढे स्वतःच्या लिखाणात त्या पानाचा उल्लेख करतील. यांतील दुसरा लाभ रास्त आहे; तेथे दुवा देणारा वाचूनच देतो. पहिला लाभ म्हणजे केवळ नोंदणीचे फळ. या दोहोंत फरक न करणे हा या तंत्राच्या पुरस्कर्त्यांचा मूळ दोष आहे.

पुढे जे घडले ते अपेक्षेप्रमाणेच होते. २००७ मध्ये पत्रकार अ‍ॅनली न्यूइट्झ यांनी पैसे मोजून मते विकत घेतली आणि मुद्दाम निरर्थक ठेवलेला ब्लॉग डिगवर कसा वर आणता येतो, हे वायर्डच्या वाचकांना दाखवून दिले. टिप्पण्यांतील प्रचारी दुव्यांना आळा घालण्यासाठी गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी जानेवारी २००५ मध्येच ‘नोफॉलो’ ही खूण आणली होती. ती लावलेला दुवा वाचकास इष्ट पानावर नेई, पण शोधक्रमाच्या हिशेबात त्या काळी साक्ष म्हणून धरला जात नसे. इंग्रजी विकिपीडियाने २००७ मध्ये बाह्य दुव्यांना ती खूण लावली. डिगने २००९ मध्ये अविश्वसनीय दुव्यांना. २४ एप्रिल २०१२ रोजी गुगलने कृत्रिम दुव्यांविरुद्ध ‘पेंग्विन’ हा बदल अमलात आणला, आणि जमविलेले दुवे निरुपयोगीच नव्हे, तर अनेकांच्या बाबतीत घातक ठरले.

खानदेशातील वाचकास यात अपरिचित काही वाटू नये. दोंडाईचा हे गाव लाल मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे, आणि शेतमालाच्या बाजारात भाव कसा ठरतो हा येथे पुस्तकी प्रश्न नाही. पूर्वी अनेक बाजारांत हत्ता पद्धत होती. रुमालाखाली बोटे दाबून अडत्या आणि खरेदीदार भाव ठरवीत, आणि माल ज्याचा तो शेतकरी शेजारी उभा राहूनही अनभिज्ञ असे. बाजार नियमनाच्या कायद्यांनी उघड लिलाव आणला तो याच कारणाने. परंतु लिलाव उघड झाला म्हणून खरेदीदारांचे आपसांतील संगनमत संपत नाही. बोली मोठ्याने होते, भाव मात्र आधीच ठरलेला असतो. वार्तास्थळांवरील मतदानाची हीच अवस्था झाली. मते सर्वांसमक्ष पडत होती, पण ती वाचकांची नव्हती.

आता मराठीकडे वळू. मराठी लेखनाचे महाजालावरील जग त्या काळी वेगळ्या रीतीने बांधले जात होते. मायबोली १९९६ पासून होती; मनोगत २००४ मध्ये, मिसळपाव आणि उपक्रम २००७ मध्ये आले. मराठीब्लॉग्स.नेटसारखे संकलक नव्या नोंदींची सूची देत. तेथे वाचक येई तो यादी पाहून, मतसंख्या पाहून नव्हे. या जगात एखाद्याने दुसऱ्याच्या लेखाचा दुवा दिला, तर बहुधा त्याच्याशी वाद घालण्यासाठी वा त्यात भर घालण्यासाठी. असा दुवा संख्येने अल्प, परंतु साक्ष म्हणून सच्चा. उलट, इंग्रजी वार्तास्थळावर मराठी पानाची नोंद करणाऱ्यास तेथे मराठी वाचकच नव्हता. मते देणारे परिचित असत आणि त्यांच्यापलीकडे कोणी नसे.

परंतु मुख्य अडथळा याहून प्राथमिक होता. २००० च्या दशकातील पुष्कळशी मराठी संकेतस्थळे, त्यांत वृत्तपत्रेही आली, युनिकोडपूर्व टंकांत होती. या टंकांत ‘क’ हे अक्षर पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणकाच्या लेखी ते रोमन लिपीतील एखादे चिन्ह असे. शोधयंत्रास असे संपूर्ण पान म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग. अशा पानास कितीही दुवे मिळाले, तरी देवनागरीत ‘मिरची’ लिहून शोधणाऱ्यास ते सापडण्याचा संभवच नव्हता. घराला दरवाजा नसताना घराकडे येणारे रस्ते रुंद करण्यासारखा हा प्रकार होता.

युनिकोड आल्यानंतरही भाषेचा प्रश्न उरतोच. ‘दोंडाईचा’ हेच नाव घ्यावे. ते कोणी ‘दोंडाइचा’ लिहितो, बोलीत ‘दोंडायचा’ ऐकू येते. शिवाय विभक्ती लागताच त्याचे अंगच बदलते: दोंडाईच्यात, दोंडाईच्याहून. ज्या पानावर केवळ ‘दोंडाईच्यातील बाजार’ असे आहे, ते मूळ नाव टंकित करणाऱ्यास जुन्या शोधयंत्रांत दिसण्याची शाश्वती नसे. शब्दरूपे ओळखण्यात शोधयंत्रांनी पुढे बरीच प्रगती केली. तथापि मराठीचे सामान्यरूप हा इंग्रजीसाठी रचलेल्या मार्गदर्शक पुस्तिकांच्या कल्पनेतही नसलेला प्रश्न आहे. शीर्षकात गावाचे नाव एकदा तरी मूळ रूपात, ‘दोंडाईचा येथील’ असे लिहिणे, हा साधा उपाय या पुस्तिकांत आढळत नाही, कारण त्यांना तो सुचण्याचे कारणच नव्हते.

सामाजिक स्थळांचे महत्त्व आज संपले आहे, असे मात्र म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुगल आणि रेडिट यांच्यात सामग्रीविषयक करार जाहीर झाला. त्या सुमारास इंग्रजी शोधांत रेडिटवरील चर्चा ठळकपणे दिसू लागल्या होत्या. वाचकास माणसाने माणसास दिलेला सल्ला हवा आहे, हेच त्याचे कारण. आणि जेथे असा विश्वास निर्माण होतो, तेथे बनावट सल्लागार पोचण्यास उशीर लागत नाही.

या चिकित्सेतून आपली नियतकालिके वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाविद्यालयीन नियतकालिकांतही परस्परसंदर्भांचे व्यवहार चालतात. न वाचलेला लेख संदर्भात घालणे आणि न वाचलेल्या पानास मत देणे यांत प्रकारभेद नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी आणली आणि २०२५ मध्ये ती बंद केल्याचे जाहीर केले. दरम्यान यादीत असणे हेच अनेकांस गुणवत्तेचे पर्यायी नाव वाटू लागले होते. त्याहून खेदाची बाब ही की, आपले कित्येक मराठी शोधनिबंध आजही जुन्या टंकांतील पीडीएफ धारिकांत अडकलेले आहेत. अहिराणी बोली, तापीकाठची शेती, येथील बाजारपेठा यांवर कष्टाने केलेले काम तेथे आहे. पण विद्यार्थ्याने देवनागरीत शोध घेतला तर त्यातील एक ओळ त्याच्या हाती लागत नाही. त्यावर मतांचा वा दुव्यांचा इलाज नाही. धारिका युनिकोडमध्ये आणणे आणि प्रत्येक निबंधास स्वतंत्र पान देणे, एवढेच काम आहे.

प्रस्तुत लेख युनिकोडमध्ये टंकित करून संपादकांकडे पाठविला आहे. मुद्रणासाठी तो पुन्हा जुन्या टंकात उतरविला जातो की काय, हे अंक हाती आल्यावरच कळेल.